निष्ठुरपणाला बघे लागतात

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात वणी खुर्द नावाचं गाव आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये या गावात सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारलं. सगळे दलित कुटुंबांतले, त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. हे भानामती करतात, एवढाच संशय. मारणारे मारत होते आणि भोवती गाव उभं होतं. 2024 च्या मे महिन्यात गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे जादूटोण्याच्याच संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना मारहाण करून जाळून टाकलं. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली.

अशी बातमी आली की शहरातला वाचक ‘मागास भाग’ म्हणून पान उलटतो. आम्ही आरमोरीकरही तेच करतो. जिवती, एटापल्ली आमच्यासाठी लांबचीच, जंगलाच्या आतली. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की लागणारी, गडचिरोली जिल्ह्यातलीच आरमोरी म्हणजे धानाच्या बांध्या, राईस मिल, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसणारे ढिवर, कॉलेज आणि तहसील. इथे कुणी कुणाला खांबाला बांधत नाही. तरी माणसाने माणसाशी निष्ठुर वागण्याचा विचार करायचा तर त्या चौकापासून करू नये, घरापासून करावा. चौकात दिसतं ते शेवटचं टोक. त्याचा सराव घरोघरी, रोज आणि हलक्या आवाजात चाललेला असतो.

लग्नाच्या हळदीचा प्रसंग घ्या. अंगणात मांडव, पाटावर नवरदेव, सवाष्णी एकेक करून हळद लावताहेत. नवरदेवाची विधवा आत्या सकाळपासून राबते आहे. पाणी तिने भरलं, भाताचा गंज तिने उतरवला, हळदही तिनेच कालवली. हळद लागायची वेळ झाली की ती पदर सावरते आणि मागच्या खोलीत जाऊन तांदूळ निवडत बसते. तिला कुणी ‘जा’ म्हणालेलं नसतं. आपण कुठे थांबायचं हे तिला वीस वर्षांत पाठ झालंय. पोराला लहानपणी अंगाखांद्यावर तिनेच खेळवलं, तरी ‘आत्याबाई, या, तुम्हीही लावा’ म्हणायला एकाचीही जीभ उचलत नाही. इथे मारहाण नाही, शिवी नाही, कुणाच्या मनात दुष्टावाही नाही, आणि तरी एका जिवंत बाईला तिच्याच घरात अशुभ ठरवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने तो आदर्श म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठराव करणं सोपं नव्हतं हे मान्य. पण मागच्या खोलीतल्या बाईला हाताला धरून मांडवात आणण्याचं काम ठरावाच्या कागदाला जमत नाही, त्याला घरातलंच माणूस लागतं.

माडिया आदिवासींच्या गावांतल्या कुर्मा घरांबद्दलही माझं म्हणणं हेच आहे. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं, तिथे साप-विंचू, पावसाचं गळणं, बाळंतिणीचेही हाल. काही संस्थांनी झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधून दिली, पाणी-संडासाची सोय केली. त्यामुळे बायांचे हाल कमी झाले, जीवही वाचत असतील, म्हणून या कामाला नावं ठेवणं मला जमणार नाही. मात्र भिंत सिमेंटची झाली तरी बाई बाहेरच राहिली, हेही खरं. हालअपेष्टा कमी करणं हे एक काम आणि बाहेर काढणं थांबवणं हे दुसरं. पहिलं झालं म्हणून दुसरं झालं असं समजू नये.

घरातल्या निष्ठुरपणावर मराठीत लिहिलं गेलं ते काही थोडंथोडकं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना उघड जाब विचारला. पुढच्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. ती वाचून एका पिढीच्या डोळ्यांत पाणी आलं. मात्र या विषयावर मराठी माणसाच्या मनात घर करून बसलेली कलाकृती म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी 1919 मध्ये आमच्या विदर्भातच, सावनेरला वारले आणि नाटक त्यानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. दारूत बुडालेला सुधाकर पोटच्या पोराचा जीव घेतो, बायकोच्या डोक्यात काठी घालतो, आणि मरणाच्या दारातली सिंधू पोलिसांपुढेही नवऱ्याला सांभाळून घेते.

शंभर वर्षं प्रेक्षक या प्रसंगाला रडत आलेत. मला हे रडणं खटकतं. दारू माणसाची माती कशी करते हे गडकऱ्यांनी दाखवलं ते विलक्षणच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? सुधाकराच्या काठीपेक्षा सिंधूची सहनशीलता मोठी ठरते. मार खाणाऱ्या बाईच्या गप्प राहण्याला पुण्याईचा दर्जा मिळतो. जे नाटक मार खाणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवतं, ते मारणाऱ्याचं काम सोपं करतं, मग लिहिणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो.

गडचिरोलीच्या बायांनी याच्या नेमकं उलट केलं. त्या गप्प बसल्या नाहीत. दारू पिऊन घरी येणारा, पगार-मजुरी उडवणारा, मारणारा नवरा हा आपल्या नशिबाचा प्रश्न नसून गावाचा आहे, हे त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सभांमधून उघड बोलायला सुरुवात केली. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि जिल्ह्यातल्या इतर कार्यकर्त्यांबरोबर ती चळवळ उभी राहिली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. मोहाची दारू आजही गाळली जाते, चोरटी दारू येते, सगळं खरं. चंद्रपुरात 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठलीही. बंदी असावी की नसावी हा वाद स्वतंत्र आहे. मला मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: चार भिंतींआडचा मार या बायांनी चावडीवर आणला आणि आजवर न बघितल्यासारखं करणाऱ्यांना तो बघायला लावला.

बंग दांपत्याचंच आणखी एक काम इथे सांगायला हवं. गडचिरोलीतल्या दोन खेड्यांमधल्या 650 बायांची तपासणी करून त्यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. 92 टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या त्या फक्त 8 टक्के. म्हणजे घरोघरी बाई दुखणं अंगावर काढत होती, पाठ धरून रोवणीला जात होती, आणि घरातल्या कुणालाच ‘तुला काय होतंय?’ हे विचारावंसं वाटलं नव्हतं. हात उगारणाऱ्याइतकाच हा न विचारणाराही निष्ठुर असतो. फरक एवढाच की त्याच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही.

आजाराचा विषय निघाला की आमच्या भागाला कुष्ठरोग टाळता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात. औषध आहे, फुकट आहे, सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. तरी माणूस चट्टा लपवतो, कारण रोगापेक्षा शेजाऱ्याची नजर भयंकर. वरोऱ्याच्या रस्त्यात पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आमटे आधी पळाले होते, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. मग ते परत फिरले, आणि पुढे त्याच वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. आपण त्यांच्या परत फिरल्याची गोष्ट पोरांना सांगतो आणि पळाल्याची गाळतो. पळाल्याची गोष्ट जास्त उपयोगाची आहे, कारण आपल्यातले बहुतेक त्या टप्प्यावरच थांबलेले असतात. कायदाही फार काळ तिथेच थांबला होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते थेट 2019 मध्ये.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची. वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबाची कथा. कौतिक राबराब राबते, नवरा महादेव कामात कच्चा आणि पुढे त्याला महारोग होतो. शेळक्यांनी या कादंबरीत खलपुरुष ठेवलेलाच नाही. दारिद्र्याने पिचलेली माणसं एकमेकांना ओरबाडतात, आणि ओरबाडणाऱ्याचाही राग पुरता धरता येत नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ मध्ये, ज्याला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शेतीच्या तोट्याने घरातली जीभ कशी तिखट होत जाते ते दिसतं. नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-भाऊ, कुणीच मुळात वाईट नाही आणि तरी दिवसभर एकमेकांना टोचताहेत. विदर्भातल्या माणसाने या दोन कादंबऱ्या वाचाव्यात. पिकाचा भाव पडला की त्याचा मार कोणाच्या पाठीवर उतरतो, हे कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा त्यांत स्वच्छ कळतं.

जातीचा निष्ठुरपणा मात्र वेगळा. त्याला दारिद्र्याचं कारण पुरत नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत कालपर्यंत ज्याच्याशी सहकारी आदराने बोलत होते, त्याची जात कळताच तेच त्याला तुडवतात. माणूस तोच असतो, बदलली ती त्याच्याबद्दलची माहिती. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ या आत्मकथनांनी मराठी वाचकाला त्याचाच चेहरा दाखवला, आणि त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी साहित्य जितकं खरं बोललं तितकं त्याआधी क्वचितच बोललं असेल. पण पुस्तकं वाचून गाव बदललं असतं तर 29 सप्टेंबर 2006 ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली नसती. दलित भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावाच्या जमावाने मारली. न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, ॲट्रॉसिटीचं कलम मात्र टिकलं नाही. त्या रात्री घरांची दारं लावून बसलेले किती होते, हा प्रश्न खटल्यात आला नाही आणि येण्याची सोयही नव्हती.

जंगलपट्ट्यात आणखी एक प्रकार आहे, तो बंदुकीच्या सावलीतला. नक्षल्यांनी ‘खबऱ्या’ म्हटलं की जीव जातो, पोलिसांनी ‘नक्षल्यांचा माणूस’ म्हटलं की कोठडी. गेल्या चार दशकांत कित्येक आदिवासी शेतकरी अशा एका शिक्क्यावर गेले. ‘मंत्रीण’, ‘भानामतीवाला’, ‘खबऱ्या’, ‘खालच्या जातीचा’: शिक्का बसला की गावाच्या लेखी तो माणूस उरत नाही, आणि मग त्याचं काहीही केलं तरी चालतं.

शिक्का बसण्याची ही क्रिया विजय तेंडुलकरांइतकी कुणी पकडली नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये ‘रंगायन’ने केलं. सुलभा देशपांड्यांची बेणारे आजही जाणते प्रेक्षक आठवतात. शहरातली हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला येतात, वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, आणि बघता बघता खेळात आरोपी झालेल्या बेणारेवर खरेच तुटून पडतात. यात एकही गुंड नाही. वकिली न चाललेला वकील, परीक्षेत नापास होत राहणारा, नट व्हायला निघून नट न झालेला, अशी आयुष्यात मागे पडलेली साधी माणसं. त्यांना आपल्यापेक्षा खाली कुणीतरी हवं असतं. वणी खुर्दचा चौक पुरता कळायला मला हे नाटक कामी आलं. गावातलं लेकरू तापाने गेलं, बैल मेला, पीक बुडालं. हतबल झालेल्या गावाला कारण हवं असतं, आणि कारण म्हणून नेहमी तोच सापडतो ज्याच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही. म्हातारी, विधवा, एकटी, दलित. सरपंचाच्या आईने करणी केली असा संशय गावाला कधी येत नाही.

तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’ने 1970 मध्ये महाराष्ट्र हादरला. भाऊ-बहीण-बाप इस्टेटीसाठी एकमेकांना फाडून खातात. गर्भपात झालेल्या बाईच्या लुगड्यावरचा लाल डाग सेन्सॉरला सोसवला नाही, तेव्हा डाग निळा करून प्रयोग झाला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असं दिग्दर्शक श्रीराम लागूंनी जाहीर केलं. घरोघरीच्या वाटण्यांत जे चालतं ते रंगमंचावर नको, अशी ही मागणी होती. तेंडुलकर पुढे नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचा अभ्यास करत देशभर हिंडले. त्यांच्यावर ‘हिंसेचं भांडवल करतो’ असा आरोप झाला. तो मला कधीच पटला नाही. त्यांच्या नाटकांतला मार बघून कुणाला मारावंसं वाटत नाही. आपणही तिथे असतो तर काय केलं असतं, ही धास्ती वाटते.

आता झाडीपट्टीच्या रंगभूमीबद्दल, कारण आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा या पट्ट्यात कथा-कादंबरीपेक्षा नाटकाची पोच मोठी. धान घरात आलं की मंडई भरते, दंडार हे लोकनाट्य होतं आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. 2023 मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीचा सन्मान झाल्यासारखं वाटलं, आणि ते योग्यच होतं. पुण्या-मुंबईच्या अनुदानाशिवाय, शेतकऱ्याच्या तिकिटावर उभी असलेली ही रंगभूमी महाराष्ट्राला ललामभूत आहे.

या नाटकांत छळणारी सासू असते, दारुडा नवरा असतो, गरिबाची जमीन गिळणारा सावकार किंवा पाटील असतो. पहाटे तीनला थंडीत ताडपत्रीवर, अंगाभोवती चादर लपेटून बसलेल्या बाया बघा. रंगमंचावर सुनेच्या अंगावर हात पडला की पहिल्या रांगेतली आजी मोठ्याने शिव्या घालते, पदराने डोळे पुसते, मांडीवर झोपलेल्या नातवाला जवळ ओढते. हे रडणं खोटं नाही, मनापासूनचं आहे. त्याचा मी आदर करतो. पण पडदा पडेपर्यंत खलनायकाला शिक्षा होते, किंवा त्याला पश्चात्ताप होतो, आणि प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. वाईट तो एकटाच होता, तो संपला. त्याचं वागणं बघून गप्प बसलेलं गाव नाटकात कुठेच नव्हतं. मला झाडीच्या नाटकाची ही उणीव वाटते, आणि आपलं म्हणूनच ती बोलून दाखवतो. शिवाय तिथेच, रंगमंचाच्या उजेडापलीकडे, नाचणाऱ्या नटीला उद्देशून जे शेरे मारले जातात, ते ऐकून शेजारची मंडळी हसतात. रंगमंचावरच्या सुनेसाठी जीव तुटणारे आणि रंगमंचावरच्या नटीला माणूस न समजणारे, दोघे एकाच मांडवात असतात, कधीकधी एकाच ताडपत्रीवर.

टीव्हीवरच्या मालिका आणि हाणामारीचे चित्रपट बघून माणसं निर्दय झाली, असं म्हणण्याची रीत आहे. हे मी मानत नाही. टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून गावं माणसांना वाळीत टाकत आली. कथेतला निष्ठुरपणा घातक ठरतो तो रक्त दाखवल्यामुळे नाही. तो सगळा एका दुष्टाच्या खाती टाकून बाकीच्यांना मोकळं सोडल्यामुळे ठरतो.

याला अमेरिकेतून एक जुना दाखला आहे. येल विद्यापीठात 1961 पासून स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी प्रयोग केले. दुसऱ्याला विजेचे झटके देण्याचा हुकूम झाला की साधी माणसं कुठवर जातात, हे बघायचं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. गाजलेल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही आले. 40 पैकी 26 हा आकडा सगळे सांगतात. दुसरा फारसा कुणी सांगत नाही: शेजारी बसलेल्या दोघा जोडीदारांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी 4 उरले. दोघांच्या नकाराने एवढा फरक पडला.

असा नकार ऐकून घेणारं गाव आमच्या जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांच्या संमतीने घेते. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. वनहक्काच्या लढ्यासाठी मेंढ्याचं नाव झालं. मला ग्रामसभेचा हा नियम अधिक महत्त्वाचा वाटतो. जिथे एकाच्या ‘नाही’ला किंमत आहे, तिथे एकाला घेरणं अवघड जातं.

कायदा आपल्याकडे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी त्यासाठी नेमलेला असतो. वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा 2017 पासून लागू आहे. व्यवहारात दोन्ही कायदे तक्रारीवर चालतात, आणि मार खाणारा बहुधा तक्रार करायच्या अवस्थेत नसतो. ती बघणाऱ्यानेच करायला हवी.

म्हणून दोघांना विनंती. झाडीतल्या नाटककारांनो, येत्या हंगामात एक नाटक असं लिहा ज्यात खलनायक नसेल, चौकात उभं राहिलेलं गाव असेल, आणि त्यातली प्रत्येक भूमिका प्रेक्षकाला ओळखीची वाटेल. आणि वाचकहो, तुमच्या गावात कुणा म्हातारीबद्दल कुजबूज सुरू झाली, तर ती चौकात पोचण्याआधी तिच्या ओट्यावर जाऊन बसा. आजारी लेकराला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आणि 112 ला फोन लावा. गाव जमल्यावर नको, त्याआधी.